दागेरचे दान आणि त्यातील अपवाद

प्रतिवर्षी १९ ऑगस्ट हा दिवस जगभर छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळला जातो. १८३९ साली याच तारखेस पॅरिसमध्ये विज्ञान अकादमी आणि ललित कला अकादमी यांची संयुक्त सभा भरली आणि लुई दागेर याने सिद्ध केलेल्या प्रकाशचित्रणाच्या कृतीचे रहस्य तीत जाहीर करण्यात आले. फ्रेंच सरकारने ही कृती संशोधकाकडून विकत घेऊन साऱ्या जगाला मोफत देऊन टाकली, असे इतिहासाच्या पुस्तकांतून सांगितले जाते. ही हकीकत खोटी नाही. पण ती अपुरी आहे. सभेच्या अवघे पाच दिवस आधी, १४ ऑगस्ट रोजी, माइल्स बेरी नावाच्या पेटंट एजंटाने लंडनमध्ये दागेरच्या वतीने त्याच कृतीचे पेटंट पदरात पाडून घेतले होते. जी विद्या फ्रान्सने जगासाठी खुली केली, तिचा धंदा करण्यास इंग्लंडात मात्र परवाना लागणार होता.

या जुन्या हकीकतीचे स्मरण आज करण्यास कारण आहे. संगणकाच्या जगात एखादी फाइल कशी रचावी, दोन यंत्रांनी परस्परांशी कोणत्या क्रमाने देवघेव करावी, याचे तपशीलवार नियम लिहून प्रसिद्ध केले जातात. अशा नियमपत्रास विनिर्देश म्हणतात. तो वाचून अनेक मंडळी आपापले सॉफ्टवेअर लिहितात. त्यांतील काही जण मुक्त स्रोत पद्धतीने काम करतात, म्हणजे आपली मूळ आज्ञावली सर्वांस खुली ठेवून ती वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा देतात. विनिर्देश जाहीर आहे, तेव्हा त्याप्रमाणे सॉफ्टवेअर लिहिण्यास कोणाची परवानगी लागण्याचे कारण नाही, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहावयाचे तर दागेरच्या चरित्राइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

रंगमंचावरून प्रयोगशाळेकडे

दागेरचा जन्म १८ नोव्हेंबर १७८७ रोजी पॅरिसजवळच्या कोर्मेय या गावी झाला. विज्ञानाचे रीतसर शिक्षण त्याला लाभले नव्हते. तरुणपणी त्याने प्रथम एका वास्तुशिल्पज्ञाकडे आणि नंतर नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या चित्रकाराकडे उमेदवारी केली. डोळ्यांना भुलविणे हाच त्याचा व्यवसाय होता आणि त्या व्यवसायात तो थोड्याच काळात नामवंत झाला. ११ जुलै १८२२ रोजी शार्ल बूतों या चित्रकाराच्या भागीदारीत त्याने पॅरिसमध्ये डायोरामा सुरू केला. अर्धपारदर्शक कापडाच्या प्रचंड पडद्यावर दोन्ही बाजूंनी चित्र रंगवायचे, खिडक्या आणि झडपा यांच्या साहाय्याने त्यावर कधी समोरून तर कधी मागून उजेड पाडायचा, आणि त्यायोगे सकाळची संध्याकाळ होताना प्रेक्षकांस दाखवायची, अशी ही करामत होती. प्रेक्षकांच्या आसनांसह सारे प्रेक्षागृहच एका देखाव्याकडून दुसऱ्याकडे फिरत असे. पुढच्याच वर्षी लंडनलाही डायोरामा उभा राहिला.

हे देखावे रेखाटताना दागेर कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरी. अंधाऱ्या पेटीत भिंगातून येणारी बाहेरच्या जगाची प्रतिमा कागदावर गिरवून घेण्याचे ते जुनेच साधन होते. हातानेच ती गिरविण्याऐवजी प्रकाशाकडूनच ती कायम उमटवून घेता येईल काय, या विचाराने दागेरला पछाडले. या वाटेवर त्याच्या आधीच बरेच पुढे गेलेला एक गृहस्थ शालों गावी राहत होता. त्याचे नाव निसेफोर न्येप्स. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन त्याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य उमटविले होते, आणि उपलब्ध असलेले जगातील सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. १८२७ साली तो इंग्लंडला गेला असता रॉयल सोसायटीपुढे आपले काम मांडण्याची त्याची इच्छा होती. परंतु कृतीचे रहस्य सांगण्यास तो तयार नव्हता आणि रहस्य झाकलेला प्रबंध स्वीकारण्यास सोसायटी तयार नव्हती. विद्या गुप्त राखली तर तिला मान्यता मिळत नाही आणि उघड केली तर ती हातची जाते, हा पेच न्येप्सला सुटला नाही.

पॅरिसमधील भिंगविक्रेत्यांमार्फत दागेरची आणि न्येप्सची ओळख झाली. दोघेही परस्परांविषयी साशंक होते. अखेर १४ डिसेंबर १८२९ रोजी दोघांत दहा वर्षांच्या भागीदारीचा करार झाला. १८३३ साली न्येप्स वारला आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा इझिदोर भागीदार झाला. दागेरचे प्रयोग चालूच राहिले. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात घालून त्यावर प्रकाश पडू द्यायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेने त्यावरची अदृश्य प्रतिमा दृश्य करायची, ही त्याची कृती. १८३७ साली मिठाच्या पाण्याने प्रतिमा टिकविण्याची युक्तीही त्याला साधली. ही कृती न्येप्सच्या कृतीहून पुष्कळच निराळी असल्याने ती केवळ आपल्या नावाने ओळखली जावी, असा आग्रह त्याने धरला आणि नव्या करारात इझिदोरला तो मान्य करावा लागला. दागेरोटाइप हे नाव असे आले. १८३८ साली दागेरने आपल्या घराच्या उंचीवरून पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले. मिनिटांचे हिशेब लागत असल्याने धावत्या गाड्या आणि चालती माणसे त्यात उमटली नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक अनामिक इसम तेवढा उमटला.

राज्याने केलेली खरेदी

आता प्रश्न या शोधातून चरितार्थ कसा चालवायचा हा होता. लोकांकडून वर्गणी गोळा करून कृती विकण्याचा प्रयत्न फसला. फ्रान्समध्ये पेटंट घेणेही दागेरला धोक्याचे वाटत होते, कारण कृती एकदा कळली की ती कोणालाही घरात बसून करता येण्याजोगी होती आणि घरोघर पहारा ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा तो फ्रांस्वा आरागो या शास्त्रज्ञाकडे गेला. आरागो विज्ञान अकादमीचा चिटणीस होता आणि लोकप्रतिनिधींच्या सभागृहाचा सभासदही होता. ७ जानेवारी १८३९ रोजी त्याने अकादमीत या शोधाची वार्ता दिली, पण कृती सांगितली नाही. पुढे मार्चमध्ये डायोरामाची इमारत आगीत भस्मसात झाली आणि दागेरची निकड वाढली.

आरागोने सुचविलेला मार्ग सरळ होता. राज्याने संशोधकास तहहयात वेतन द्यावे आणि कृती सर्वांसाठी खुली करावी. दोन्ही सभागृहांनी विधेयक मान्य केले आणि ७ ऑगस्ट रोजी राजा लुई फिलिप याने त्यावर सही केली. दागेरला वार्षिक ६,००० फ्रँक आणि इझिदोरला ४,००० फ्रँक मिळावयाचे होते. संशोधकाने उपाशी राहू नये आणि समाजानेही शोधापासून वंचित राहू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी ही व्यवस्था होती. न्येप्सला न सुटलेला पेच तिने सोडविला होता, आणि आजही ती अभ्यासण्याजोगी आहे.

तिचे फळही तत्काळ दिसले. दागेरची कृतिपुस्तिका काही महिन्यांतच अनेक भाषांत गेली. व्हिएन्नात पेट्झव्हाल याने १८४० साली अधिक प्रकाश आत घेणारे भिंग तयार केले. पॅरिसमध्ये फिझो याने सोन्याच्या क्षाराने प्रतिमा पक्की आणि गडद करण्याची रीत काढली. आयोडिनच्या जोडीला ब्रोमिन वापरल्यास पत्रा अधिक संवेदनक्षम होतो, हे लंडनमध्ये गॉडर्डने दाखविले. ज्या चित्राला पाऊण तासाचा तिसरा हिस्सा लागे, ते मिनिटाच्या आत घेता येऊ लागले आणि माणसांची चित्रे काढणे व्यवहार्य झाले. यांपैकी एकही सुधारणा दागेरची नव्हती. विद्या खुली केल्याने मूळ संशोधकाला न सुचलेल्या गोष्टी इतरांना सुचतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

खाडीपलीकडचा अपवाद

परंतु इंग्लंडमध्ये चित्र निराळे होते. रिचर्ड बिअर्ड या व्यापाऱ्याने पेटंटाचे हक्क विकत घेतले आणि १८४१ च्या मार्चमध्ये लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेच्या इमारतीत व्यक्तिचित्रांचे दुकान थाटले. आंत्वान क्लोदे या फ्रेंच गृहस्थाने थेट दागेरकडूनच परवाना घेतला होता, तेव्हा त्याला रोखण्याचा बिअर्डचा प्रयत्न निष्फळ ठरला. इतरांना मात्र बिअर्ड गावोगावचे परवाने विकू लागला आणि विनापरवाना काम करणाऱ्यांना कोर्टात खेचू लागला. एका प्रतिपक्षाशी त्याचा दावा १८४५ पासून चार वर्षे चालला. दावा त्याने जिंकला; पण कज्जांच्या खर्चाखाली तो स्वतः दिवाळखोरीत गेला. पेटंटाची मुदत १८५३ साली संपेपर्यंत इंग्लंडात दागेरोटाइपचा धंदा मूठभरांच्या हाती राहिला. उलट, पेटंटाची आडकाठी नसलेल्या अमेरिकेत तो गावोगाव पसरला.

दागेरने हे का केले? त्याच्या बाजूने बोलावयाचे तर फ्रेंच राज्याशी त्याने केलेला व्यवहार फ्रान्सच्या कायद्याखाली होता आणि इंग्लंडच्या राणीने त्याला एक पैही दिली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने त्याचे वर्तन सदोष ठरत नाही. दोष असेल तर तो व्यवहाराच्या मांडणीत होता. फ्रान्स ही विद्या जगाला देत आहे, असा भाव आरागोच्या प्रतिपादनात होता. परंतु अन्य देशांतही आपण हक्क सांगणार नाही, असे दागेरकडून लिहून घेतले गेले नव्हते. भाषणातील औदार्य आणि दस्तातील शब्द यांत अंतर राहिले, आणि त्या अंतरातून बेरीचे पेटंट आत शिरले.

दागेरवर टीका करताना हेही सांगितले पाहिजे की, तो एकटाच असा नव्हता. कागदावरील प्रकाशचित्रणाचा जनक इंग्रज संशोधक टॅल्बट याने १८४१ साली आपल्या कृतीचे पेटंट घेतले. आर्चर नावाच्या शिल्पकाराने १८५१ साली काचेवरची कोलोडियन कृती पेटंट न घेता प्रसिद्ध केली, तेव्हा तीही आपल्याच पेटंटाखाली येते असा दावा टॅल्बटने केला. १८५४ च्या डिसेंबरात ज्यूरीने तो अमान्य केला, तेव्हा कोठे ही कृती निर्वेध झाली. म्हणजे आर्चरने आपले जे होते ते सर्व देऊन टाकले होते, तरी ते घेणाऱ्यांच्या डोक्यावर तिसऱ्याच माणसाच्या हक्काची तलवार तीन वर्षे लटकत होती. आर्चर १८५७ साली दारिद्र्यात वारला. त्याला आरागो भेटला नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात उत्साहाने भाग घेऊ लागले, तोवर दागेरचे पेटंट संपले होते. दागेर स्वतः १८४० नंतर ब्री-स्यूर-मार्न या खेड्यात जाऊन राहिला होता. तेथील चर्चच्या वेदीमागे त्याने एक डायोरामा रंगविला. १० जुलै १८५१ रोजी त्याच गावी तो वारला. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्याचे नाव आहे.

तीन निराळे हक्क

या चरित्राकडे आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दागेरच्या एका शोधात तीन निराळे हक्क गुंतलेले होते. पहिला त्याच्या पुस्तिकेच्या मजकुरावरील हक्क. दुसरा पुस्तिकेत सांगितलेली कृती करण्याचा हक्क. तिसरा नावाचा आणि शिक्क्याचा. कारण दागेरने आल्फोंस जिरू याच्याशी करार करून आपल्या सहीशिक्क्याचे कॅमेरे विकण्याची व्यवस्था केली होती. पुस्तिका कोणीही वाचावी, पण कृती करण्यास परवाना लागावा, ही इंग्लंडातील स्थिती म्हणूनच विसंगत नव्हती. पेटंट या शब्दाच्या मुळाशीच उघडे असणे हा अर्थ आहे. कृती उघड सांगायची आणि ती करण्याचा हक्क काही वर्षे राखून ठेवायचा, हाच पेटंटाचा सौदा असतो. जाहीर झालेले ते मोकळे झाले, हे अनुमान म्हणूनच चुकीचे.

संगणकाच्या विनिर्देशांतही हेच तीन हक्क असतात आणि तिन्हींवरून झगडे झालेले आहेत. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली चित्रांच्या साठवणीसाठी जिफ हा विनिर्देश प्रसिद्ध केला आणि तो वापरण्याची सर्वांस मुभा दिली. त्यातील आकुंचनाच्या रीतीवर १९८५ सालापासून दुसऱ्याच कंपनीचे पेटंट होते. ते युनिसिस कंपनीच्या हाती आले आणि १९९४ च्या डिसेंबरात परवाना शुल्काची घोषणा झाली, तेव्हा सात वर्षे निर्धास्तपणे लिहिलेले सॉफ्टवेअर एका रात्रीत संशयास्पद ठरले. आर्चरच्या कृतीचे जे झाले, तेच येथे झाले. अस्वस्थ झालेल्या कार्यकर्त्यांनी पीएनजी हा निर्वेध विनिर्देश तयार केला आणि १९९६ साली त्याला मान्यता मिळाली.

शिक्क्याचा प्रश्न जावाच्या बाबतीत उद्भवला. जावाचा विनिर्देश जाहीर होता. अपाची प्रतिष्ठानाने २००५ साली हार्मनी या नावाने त्याची मुक्त स्रोत आवृत्ती हाती घेतली. परंतु ती विनिर्देशाबरहुकूम आहे हे सिद्ध करणाऱ्या चाचणीसंचाच्या परवान्यात वापराच्या क्षेत्रावर मर्यादा होत्या आणि मुक्त स्रोताच्या परवान्याशी त्या जुळणाऱ्या नव्हत्या. शिक्क्यावाचून मान्यता नाही, असा हा प्रकार होता. २०१० च्या डिसेंबरात अपाचीने जावाच्या प्रमाणनिर्मिती समितीतून अंग काढून घेतले आणि पुढल्या वर्षी हार्मनीचे काम थांबले. मजकुराच्या हक्काचा वाद गुगल आणि ओरॅकल यांच्यात २०१० पासून चालला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गुगलने केलेला वापर न्याय्य ठरविला. मात्र अशा घोषणापर मजकुरावर स्वामित्वहक्क असतो की नाही, हा मूळ प्रश्न त्याने निकालात काढला नाही.

लेखी दानाची गरज

काही प्रमाणसंस्था वाजवी आणि भेदरहित दराने परवाना देण्याचे आश्वासन पेटंटधारकांकडून घेतात. कारखानदाराला ते पुरेसे वाटते, कारण तो प्रतींची मोजदाद करू शकतो आणि शुल्क किमतीत घालू शकतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या लेखकाला ते अशक्य असते. त्याच्या प्रती कोण, किती आणि कोठे काढील हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक नसावे हेच त्या पद्धतीचे मर्म आहे. प्रतीमागे एक पैसा हाही दर त्याच्या दृष्टीने वाजवी नाही. १९९१ च्या जीपीएल परवान्यात तर असे बंधन आहे की, पेटंटामुळे पुढील प्रत्येकाला मोकळीक देता येत नसेल तर सॉफ्टवेअर मुळीच वाटू नये. पुढे २००४ च्या अपाची परवान्यात आणि २००७ च्या तिसऱ्या जीपीएलमध्ये लेखकांनी आपल्या पेटंटांचा वापर करू देण्याचे स्पष्ट कलम आले. पण असे कलम ते लिहिणाऱ्यालाच बांधते, त्रयस्थाला नाही.

तेव्हा विनिर्देश ज्या ठिकाणी घडतो, त्याच ठिकाणी हा प्रश्न सुटला पाहिजे. वर्ल्ड वाइड वेब संघाने २००४ साली असे धोरण स्वीकारले की, विनिर्देश घडविण्यात भाग घेणाऱ्यांनी त्यास आवश्यक असलेली आपली पेटंटे विनाशुल्क खुली करावीत. भारत सरकारनेही २०१० च्या नोव्हेंबरात ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर करून, आवश्यक पेटंटे विनामूल्य उपलब्ध असावीत हे तत्त्व स्वीकारले. आपल्या पेटंट कायद्यात संगणक आज्ञावलीला केवळ तशी म्हणून पेटंट मिळत नाही, हे खरे. परंतु येथे लिहिलेले सॉफ्टवेअर सीमेपलीकडे जातेच आणि प्रत्येक देशाचा कायदा निराळा असतो. खाडी ओलांडताच दागेरची विद्या परवान्याखाली गेली, हे विसरून चालणार नाही.

शासनाचा पैसा ज्या मानकावर खर्च होतो किंवा नागरिकांची कागदपत्रे ज्या स्वरूपात साठविली जातात, त्याविषयी म्हणूनच तीन गोष्टी लेखी असल्या पाहिजेत. मजकूर वापरण्याची मुभा, कृती करण्याची मुभा आणि अनुरूपतेची चाचणी घेण्याची मुभा. आणि तिन्ही सर्व देशांसाठी, सर्व उपयोगांसाठी आणि मागे न घेता येणाऱ्या असाव्यात. संशोधकाला मोबदला द्यावयाचा तर तो आरागोने सुचविल्याप्रमाणे उघडपणे आणि एकदाच ठरवून द्यावा. त्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

आरागोचा हेतू निर्मळ होता आणि त्याची योजना दूरदृष्टीची होती. दागेरशी झालेल्या व्यवहारात सर्व देशांचा उल्लेख करणारे एक वाक्य त्याने घालून घेतले असते, तर १९ ऑगस्टच्या त्या सभेत मिळालेले दान खाडीपलीकडेही पूर्ण ठरले असते. ते एक वाक्य घालण्याची संधी आज प्रत्येक नव्या विनिर्देशाच्या वेळी आपल्यापुढे येते. विनिर्देश पाळला जाऊ लागल्यावर ते घालू म्हटले, तर त्याची किंमत मागणारा कोणीतरी आधीच उभा असतो.